‘स्कफ अप’ म्हणजे ओरखडा नव्हे

‘रोज एक इंग्रजी शब्द’ छापाचा एक निरोप ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘स्कफ अप’ म्हणजे ‘स्क्रॅच अप’च, ओरखडे पाडणे. ते फक्त बुटांबद्दल वापरतात, ‘अप’ला काही अर्थ नाही आणि सूर कायम नुकसानीचा. यातलं एकही वाक्य धड नाही.

आधी ओरखडा. त्याला टोक लागतं: नख, खिळा, किल्ली. गाडीवर किल्लीने चरा ओढला तर तो स्क्रॅच. स्कफला टोक नको, घासणं हवं. पाय ओढत चालणाऱ्याच्या बुटाचं नाक पांढुरकं होतं, तो स्कफ. (तसं फरफटत चालण्यालाही इंग्रजीत स्कफच म्हणतात.) मराठीत याच्या जवळचा शब्द ‘घासटणे’. कपाचा टवका उडतो, डब्याला पोचा येतो, भिंतीचे पोपडे निघतात. आपल्याकडे इतका बारकावा असताना सगळं ‘ओरखड्या’त का कोंबायचं?

बुटांचं म्हणाल, तर फरशी, सुटकेस, गाडीचा बंपर, सगळंच स्कफ अप होतं.

‘अप’ मात्र नीट बघा. ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यांत जो फरक, तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’मध्ये. आपल्या ‘टाकलं’मध्ये काही फेकलेलं नसतं, तसं या ‘अप’मध्ये काही वर गेलेलं नसतं. ‘आय स्कफ्ड माय शूज’ म्हटलं तर एखादा डागही पुरतो. ‘आय स्कफ्ड अप माय शूज’ म्हणजे बूट पार घासटून टाकले. सर्वनाम आलं की ते मधे बसतं: ‘स्कफ्ड देम अप’. निरोपातलं ‘डोन्ट स्कफ अप इट’ हे उदाहरण म्हणूनच चूक आहे, आणि शिकवणाऱ्यानेच ते द्यावं!

राहिलं नुकसान. गाडीला पुन्हा रंग मारायचा तर जुना गुळगुळीत थर आधी पॉलिश पेपरने खरखरीत करावा लागतो, नाहीतर नवा रंग धरत नाही. त्या कामालाही इंग्रजीत स्कफ अपच म्हणतात.

क्रिकेटमध्ये चेंडू स्कफ अप होतो तो खेळता खेळता, मैदानावर आपटून-घासून. क्षेत्ररक्षकाला तो पुसून चकाकवता येतो. मुद्दाम खरखरीत करायला नियमाची मनाई आहे. मार्च २०१८ मध्ये केपटाऊन कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बॅनक्रॉफ्टने पॉलिश पेपरने तेच करायचा प्रयत्न केला. पंचांनी चेंडू तपासला आणि बदलला नाही. म्हणजे त्यांच्या लेखी स्कफ झाला असलाच, तरी ‘अप’ काही झाला नव्हता. बंदी मात्र बॅनक्रॉफ्टला ९ महिन्यांची झाली, या प्रकरणात सामील ठरलेल्या कर्णधार स्मिथ आणि उपकर्णधार वॉर्नरला १२.