प्रतिक्रियेला उत्तर : पाकिटावर छापलेलं नाव

नमस्कार. शोभेच्या कांद्यांवरच्या (ॲलियम, म्हणजे फुलांसाठी लावायचे कांदे) माझ्या लेखाबद्दल तुमच्या दोन तक्रारी आहेत. एक, मी 'मिलेनियम' या कांद्याच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं, एकच 'एन' लिहिला. दोन, कंदांच्या पाकिटावर 'अफ्लातुनेन्से' हे जातीचं नाव छापलेलं असताना त्या कांद्याला 'हॉलंडिकम' ही दुसरी जात म्हणणं म्हणजे शब्दांचा कीस पाडणं. गोल जांभळं फूल आलं की झालं, असं तुमचं म्हणणं.

शब्दकोशात दोन 'एन' आहेत, मान्य. पण हे वाणाचं नाव आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मार्क मॅकडोनो यांनी हा संकर तयार केला आणि नाव एकाच 'एन'ने ठेवलं. २०१८ साली अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने त्याला वर्षातलं रोप म्हणून निवडलं, तेव्हाही ते तसंच लिहिलं. ज्याने बारसं केलं त्याचंच स्पेलिंग आपण पाळायचं.

दुसरी तक्रार मात्र मला सोडून देता येत नाही. खरा अफ्लातुनेन्से मध्य आशियातला. हॉलंडच्या कंदांच्या बाजारात त्याच्या नावावर कित्येक वर्षं दुसरीच जात खपत होती. फ्रिट्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९३ साली तिला वेगळी ठरवून हॉलंडिकम हे नाव दिलं. तरी जुनं नाव अजून छापलं जातंच. मग पाकीट पुरावा कसं ठरेल? घोळ सुरू झाला तोच तिथून.

आता फुलाकडे या. 'पर्पल सेन्सेशन' हा हॉलंडिकमचाच वाण, आणि त्याचे पैसे आपण मोजतो ते त्या गर्द जांभळ्या रंगासाठी. तो रंग टिकतो कंदापासून कंद वाढवला तर. बी पडून उगवलेली रोपं बहुतेक फिकट निघतात. एकाच वाफ्यात एक गोंडा वांग्याच्या सालीसारखा आणि शेजारचा धुऊन विटल्यासारखा, हे मी स्वतः पाहिलंय. अशी रोपं मूळ नावानेच वाटली-विकली गेली, तर घेणाऱ्याला हवा तो वाण मिळतच नाही. म्हणून फुलं वाळली की बी धरायच्या आत गोंडे कापा.

बुटक्या कांद्यांतही हेच. सेनेसेन्स या जातीची म्हणून मिळणारी बरीच रोपं युरोपातल्या लुसिटानिकम या दुसऱ्याच जातीची असतात. त्यांच्यावरून कुणी संकर केला, तर त्या संकराचे आईबापही खोटेच नोंदले जातात. याला मी कीस पाडणं म्हणणार नाही.

तुमच्या पाकिटावरची नावाची चिठ्ठी फेकू नका. छापील नावाखाली 'हॉलंडिकम' आणि खरेदीचं साल पेन्सिलीने लिहा, शाई उन्हात उडते. आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी नर्सरीवाल्यांना नाव बदलायला सांगा.