गेम मास्टरची खुर्ची

गेल्या महिन्यात आमचं टेबलटॉप रोल-प्लेइंगचं कॅम्पेन, म्हणजे अनेक शनिवार चालणारी खेळातली एकच लांब गोष्ट, बंद पडलं. भांडण झालं नाही, कुणी रुसलं नाही. ग्रुपवर आधी एकाने ‘या शनिवारी जमणार नाही’ असं टाकलं, मग दुसऱ्याने. दोघांनी तर मेसेज वाचून उत्तरच दिलं नाही. असे चार शनिवार गेले. पाचव्याला आमच्या गेम मास्टरने लिहिलं, ‘मी आता थांबते.’ पावणेदोन वर्षं एकटी चालवत होती ती.

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळणाऱ्या कुठल्याही गटात विचारा, खेळायला सगळे तयार, चालवायला कुणी नाही. याला आपण खेळाडूच जबाबदार आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी: चार-पाच जण एकेक पात्र घेतात. त्यांच्याभोवतीचं जग, त्यातली बाकी सगळी माणसं गेम मास्टर उभी करतो. आपलं पात्र काय करणार ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा.

परवा तिने मला तिची वही दाखवली. डोंगरातल्या एका मठाचा नकाशा, वीस खोल्या, कुठल्या दाराला कुलूप, किल्ली कुणाकडे. त्या मठात आम्ही कधी गेलोच नाही. ती संध्याकाळ मला आठवते. आमच्यातल्या एकाला नदीत होडी दिसली आणि आम्ही सगळे तिकडे वळलो. तिने वही मिटली, एक श्वास घेतला आणि नावाडीण होऊन बोलायला लागली. ती नावाडीण पुढे वर्षभर आमच्यासोबत होती. वहीच्या शेवटच्या पानांवर नुसती नावं होती, पहारेकऱ्यांची, सराईवाल्यांची, म्हाताऱ्यांची. आम्ही कधीही ‘याचं नाव काय?’ विचारू, तेव्हा अडायला नको म्हणून. वापरून झालेल्या नावांवर काट मारलेली. ती पानं बघून मला फार अपराधी वाटलं.

ही खुर्ची जुनी आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात जो युद्धखेळ रुजला, त्यातही निवाडा करणारा पंच होताच. 1969 मध्ये असेच युद्धखेळ चालवणाऱ्या डेव्हिड वेझलीने एका काल्पनिक गावातल्या माणसांच्या भूमिका खेळाडूंना वाटून दिल्या. खेळाडू ठरवलेलं सोडून भलतंच करत सुटले. वेझलीला वाटलं खेळ फसला, पण खेळाडूंना तेच हवं होतं. त्यातलाच एक, डेव्ह आर्नेसन. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बाजारात आलेला पहिला रोल-प्लेइंग खेळ आणला, पहिल्या फक्त 1000 प्रती. म्हणजे वही मिटून नदीकडे वळावं लागणं या खेळाच्या जन्मापासूनच आहे, आणि ते पेलणारं माणूस टेबलावर एकच.

जानेवारी 2023 मध्ये याच खेळाच्या प्रकाशकांनी, त्याच्या नियमांवरून इतरांना स्वतःचं साहित्य काढू देणारा परवाना बदलायचा घाट घातला, तेव्हा जगभरचे खेळाडू एकवटले. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुले केले. मला त्या दिवसांचा अभिमान आहे. म्हणूनच, इतकं करू शकणाऱ्या आपल्याला शनिवारी येणार की नाही एवढं दोन दिवस आधी कळवता येऊ नये, याचं वाईट वाटतं.

‘मला नियम येत नाहीत’ हे कारण मी स्वतः सहा वर्षं दिलं. नियम पुस्तकात असतात, अडलं की उघडून बघता येतात. आणि सगळे खेळ तेवढे जडही नसतात. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये चालवणाऱ्याला फासेच टाकावे लागत नाहीत, ‘फियास्को’मध्ये तर गेम मास्टरच नाही. एका बैठकीत संपणारी छोटी गोष्ट प्रत्येकाने एकदा तरी चालवावी. त्या बाजूला बसल्याशिवाय समोरचा गप्प बसला की पोटात कसा गोळा येतो, ते कळत नाही.

येत्या शनिवारी मी चालवतेय. तीन तास, एक पडकं दीपगृह, चार खेळाडू. तिला फक्त खेळायला बोलावलंय. तिने एकच विचारलं, ‘मी काही तयारी करून यायचं नाही ना?’

म्हटलं, पेन्सिल आण.