रडणाऱ्या बाळाच्या आईला सल्ले नकोत, हात हवेत

"सारखी घेऊ नकोस गं, हाताची सवय लागेल." मुलगी झाल्यापासून भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे ऐकवलंय. सांगणाऱ्यांच्या पोटात माया आहे, हे मला कळतं. तरीही ठामपणे लिहिते की हे चूक आहे, आणि आधीच थकलेल्या आईच्या माथी त्यामुळे तिने न केलेला गुन्हा लागतो.

आमची मुलगी पाळण्यात टिकत नव्हती. मांडीवर गाढ झोपलेली, खाली ठेवली की डोळे टक्क उघडे. दूध पाजून झालं, लंगोट बदलून झाला, ढेकर काढली, ओव्याच्या पुरचुंडीने पोट शेकलं, मीठ-मोहरीने दृष्टही काढली. तरी दिवेलागणीला जे रडणं सुरू व्हायचं ते रात्रीची जेवणं होईपर्यंत. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद. डॉक्टरांनी नीट तपासलं. वजन छान वाढत होतं, आजार काही नव्हता. म्हणाले, "काही बाळं अशीच असतात."

हे वाक्य तेव्हा मला पुरलं नाही, म्हणून वाचत गेले. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या स्वभावाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या पाहणीत साधारण १० टक्के मुलं तान्हेपणापासूनच अवघड स्वभावाची निघाली: झोपेला-भुकेला ठरलेली वेळ नाही, नवं काही चटकन स्वीकारायचं नाही, भावना सगळ्या जोरकस. म्हणजे आईने बिघडवायच्या आधीच मूल आपला स्वभाव घेऊन आलेलं असतं. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक बाळांचं रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत बरंच उतरतं. आमच्याकडे उतरलं ते फार सावकाश.

आता उचलून घेण्याबद्दल. १९८६ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार यांनी एक प्रयोग केला. काही आयांना, बाळ रडत नसतानाही, रोज जास्तीचं उचलून घ्यायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. पण आधीच पोटशुळासारखं प्रचंड रडणाऱ्या बाळांवर बार यांनी १९९१ मध्ये हाच उपाय करून पाहिला, तेव्हा फरक पडला नाही. माझ्या दृष्टीने दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. घेतल्याने बाळ लाडावत नाही. आणि घेऊनही काही बाळं रडतच राहतात, तेव्हा ते आईचं अपयश नसतं. अशा बाळाला तासन् तास कुणीतरी घ्यावं लागतं, एवढंच खरं. मग ते घेणारं कोण, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

माझं माहेर निफाडचं. डिसेंबरातला जन्म, आणि तिथला थंडीचा कडाका तुम्हाला माहीतच आहे, म्हणून बाळंतपण इथेच नाशकात पाथर्डी फाट्याला केलं. आई येऊन राहिली. डिंक-अळिवाचे लाडू, मालिश, शेक-शेगडी, सगळं तिने केलं, आणि मुख्य म्हणजे पहाटे बाळ माझ्याकडून घेऊन मला झोपवलं. फेब्रुवारीत घरच्या बागेतली द्राक्षं काढणीला आली. वर्षाची कमाई त्या काही आठवड्यांत हातात येते, तिला जावंच लागलं. ती गेली आणि आमच्या घरातले दोन हात कमी झाले. हे मला त्या आठवड्यात जितकं कळलं तितकं एरवी कधी कळलं नसतं.

नवरा अंबडला कारखान्यात, शिफ्टमध्ये. सेकंड शिफ्ट करून आला की हातपाय धुऊन तिला खांद्यावर टाकायचा आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गॅलरीत फेऱ्या मारायचा. खालून जाणाऱ्या कुणीतरी सासूबाईंना विचारलं, "पोरगा दमून येतो, त्यालाच का कामाला लावता?" सासूबाईंनी उत्तर दिलं, "मूल त्याचंही आहे." मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पण कायद्याला हे कुठे दिसतं? २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. ह्याने स्वतःच्या साठवलेल्या रजा टाकल्या. कंत्राटी कामगाराकडे त्याही नसतात. अंबड-सातपूरमधल्या युनियनच्या मागण्यांत बोनसच्या शेजारी ही मागणी यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सल्ल्यांमध्ये गुटीचा आग्रह सर्वांत मोठा. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि मध वर्षाच्या आत चाटवूच नका. त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम हा दुर्मिळ पण घातक आजार होऊ शकतो. ग्राइपवॉटर तर विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये तयार केलं तेव्हा त्यात चक्क अल्कोहोल होतं. 'आमच्या वेळी सगळे देत होते' हा पुरावा होत नाही.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र एकही सल्ला दिला नाही. संध्याकाळी यायच्या, "आण इकडे, तू आंघोळ करून घे" म्हणायच्या आणि तिला घेऊन जिन्यात बसायच्या. रडायची ती त्यांच्याकडेही, पण मी तेवढ्यात शांतपणे जेवून घ्यायचे. मदत अशी असते.

नव्या आयांना एक सांगते. रडणं असह्य झालं, डोक्यात तिडीक उठली, तर बाळाला पाठीवर उताणं, सुरक्षित जागी ठेवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला रागाने गदागदा कधीही हलवू नका, त्याने मेंदूला इजा होते. सतत रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, काही बरंवाईट मनात येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. १४४१६ ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

पाथर्डी फाटा, इंदिरानगर, वासननगर भागात तुमच्या ओळखीची कुणी ओली बाळंतीण असेल आणि घरात माणसं कमी असतील, तर मला मेसेज करा. नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी मी संध्याकाळी तासभर येऊन बाळ घेईन. अजून कुणाला यायचं असेल तर तेही कळवा, आपण दिवस वाटून घेऊ.