अपघात करून घ्यायचाच असेल तर जरा नीट करून घ्या

आपल्याकडे लोक अपघात अगदी कसाही करून घेतात हो. ना वेळ बघणार ना जागा, ना खिशात कागद, धाडकन पडायचं आणि मग नुकसानभरपाई कुठाय म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. जरा प्लॅनिंग करा की. कायदा सगळ्यांसाठी आहे, फक्त तुम्ही त्याला पाहिजे तसं पडलं पाहिजे.

सगळ्यात आधी ठरवा की तुम्हाला उडवणार कोण. गाडीच निवडा, आणि निवडताना तिचा थर्ड पार्टी इन्शुरन्स चालू आहे ना बघून घ्या, म्हणजे तुमची केस मोटार अपघात न्यायाधिकरणात जाते आणि समोर पैसे देऊ शकणारी एक कंपनी तरी असते. उडताना नंबर प्लेट पाठ करायला विसरू नका, कारण ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेत गंभीर जखमीला 50 हजार आणि मेलात तर घरच्यांना 2 लाख, बास, विषय संपला. हवेत असताना शेवटचे 4 आकडे तरी बघता येतात, प्रॅक्टिस करा. आणि बरे लवकर व्हा, 2022 पासून दावा लावायला 6 महिन्यांची मुदत कायद्यात आलीये. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय लोकांनी, पण तुम्ही प्लॅस्टरसकट वकिलाकडे गेलेलंच बरं.

खड्ड्यात पडायचं मात्र टाळा, ते हौशी लोकांचं काम. खड्ड्याला ना नंबर ना इन्शुरन्स. रस्ता कोणाचा विचारलं तर महापालिका म्हणणार पीडब्ल्यूडीचा, पीडब्ल्यूडी म्हणणार मेट्रोवाल्यांनी खोदलाय, मेट्रोवाले म्हणणार आम्ही तर केव्हाच हँडओव्हर केला, आणि तोपर्यंत तुम्ही खुब्यात प्लेट घालून घरी. आता ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्ड्यालाही रेट लावून दिलाय, मृत्यू झाला तर 6 लाख आणि जखमीला 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, त्यामुळे हौस असेल तर हरकत नाही. पण एक काळजी घ्या, पडल्या पडल्या फोटो काढा. कारण एखादा माणूस ज्या खड्ड्यात जातो ना, नेमका तेवढाच खड्डा दुसऱ्या दिवशी सकाळी बुजवलेला असतो, वर पेव्हर ब्लॉक बसवून वगैरे. आजूबाजूचे तसेच. पालिकेला पत्ता बरोबर कळतो, फक्त एक दिवस उशिरा.

हेल्मेट घालायचं की नाही? घाला, पण पुण्यात घालतात तसं, कोपराला. त्यामुळे कोपर सहीसलामत राहतं आणि विमा कंपनीच्या वकिलालाही दोन शब्द बोलायला मिळतात, की दोष तुमचाही होताच, रक्कम कापा. त्यालाही पोट आहे.

आता वयाचं बघू, कारण मेल्यावर माणसाचा भाव वयावर ठरतो. सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालापासून ठरलेला तक्ताच आहे, वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे एका आकड्याने गुणायचं. वय 15 ते 25 असेल तर 18 ने, पुढे उतरत जातो, साठी उलटली की 7, पासष्टी उलटली की 5. त्यामुळे ज्येष्ठांनी उगाच झेब्रा क्रॉसिंगवर धाडस करू नये, परवडत नाही. लग्न करून ठेवा, सडाफटिंग मेला तर अर्धी कमाई त्याने स्वतःवरच उडवली असती असं धरून कापतात, मागे बायको-मुलं असली की एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी. नोकरी पर्मनंट असेल तर उत्तम, चाळिशीच्या आत गेलात तर पुढे पगार वाढलाच असता म्हणून वर 50 टक्के, स्वतःचा धंदा असेल तर 40. आणि सॅलरी स्लिप जवळ ठेवा बरं का. वडापावची गाडी लावून तुम्ही महिना कितीही कमवत असाल, कागद नसेल तर कोर्ट अंदाजाने एक आकडा धरतं, आणि तो अंदाज तुमच्या बायकोच्या अंदाजापेक्षा कायम कमीच निघतो. बायकोच गेली तर विमा कंपनी विचारते, कमवत काय होत्या? सुप्रीम कोर्टाला दोनतीनदा लिहून सांगावं लागलंय की घरकाम हे काम असतं.

पण खरी मजा बांधकाम साईटवर. तिथे काम करत असाल तर एकच नियम, पहिल्या दिवशी पडू नका. आणि गंमत अशी आहे की परांचीवरून जो पडतो तो प्रत्येक माणूस पहिल्याच दिवशी पडतो! दोन वर्षं सेंट्रिंगचं काम करत असला तरी खाली पडेपर्यंत तो "साहेब, हा तर कालच आला होता" झालेला असतो, हजेरीच्या वहीत नाव नाही, मुकादम गावाला गेलेला, आणि जो सेफ्टी बेल्ट आजवर ऑफिसात खिळ्याला लटकत होता तो पोलीस यायच्या आत बॉडीजवळ सापडतो. बिल्डर म्हणतो लेबर ठेकेदाराचं, ठेकेदार म्हणतो मी पेटी काँट्रॅक्ट दिलं होतं, म्हणजे काम पुढे दुसऱ्याच ठेकेदाराला. (कायद्यात काम देणारा मूळ मालकही जबाबदार धरलाय, पण हे नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला सांगणार कोण, त्याला आजची मजुरी मिळेल का तेच माहीत नसतं.) बांधकाम कामगार मंडळ आहे, बिल्डरकडून 1 टक्का उपकर घेतं, नोंदणी केलेल्याला लाभ पण देतं, फक्त नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो द्यायचा बहुतेक वेळा ठेकेदारानेच, हो, तोच, ज्याच्याकडे तुम्ही कालच आलात.

बोटं कापून घ्यायची असतील तर कुठलं आधी, याचाही विचार करा. कामगार भरपाईचा 1923 चा कायदा आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण त्याच्या जुन्या परिशिष्टात माणसाचे तुकडे करून दर लिहिले होते, अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं 12, करंगळी 7. पगार कितीही जास्त असो, हिशोबाला 2020 पासून महिना 15 हजारच धरायचे. त्या गणिताने तीस वर्षांच्या माणसाचा अंगठा साडेपाच लाखांच्या वर जातो आणि करंगळी सव्वा लाखाच्या जरा पुढे. कटर मशीनला तसं सांगून ठेवा.

आणि हा साडेपाच लाखांचा अंगठा शाबूत राहिला, बाकी काही तुटलं, की त्याचा एकच उपयोग होतो. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस शहाळं घेऊन येतो, सोबत 50 हजार कॅश आणि स्टॅम्प पेपर, "चूक माझीच होती, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही". उमटवा अंगठा. हक्क सोडून दिल्याचा असला कागद कायद्याने चालतच नाही, तडजोड करायची तर ती भरपाई ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते, हे शहाळ्यासोबत कोणी सांगत नाही, आणि त्या माणसाचा मूड घालवण्यात काय अर्थ आहे.

शेवटी बिलांचं. औषधांची सगळी बिलं कॅरीबॅगेत जपून ठेवा असं सगळे सांगतात, ठेवा, पण मेडिकलवाला देतो ते बिल थर्मल कागदाचं असतं आणि केस उलटतपासणीला येईपर्यंत त्यावरची शाई उडून कोरी पट्टी उरते. मग वकीलसाहेब ती उजेडात धरून तिरकी करून बघतात, विमावाले हसतात, जजसाहेब पुढची तारीख देतात. तेव्हा आजच झेरॉक्स काढा. 2 सेट काढा, एक फाईलमधून हरवणारच आहे.