तो नुसता दगड नाही

आज सकाळी सोसायटीच्या गच्चीवर चहा होता. आमच्याकडचे एक काका नुकतेच ऑस्ट्रेलिया करून आलेत. सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट, आठ दिवस, रोज रात्री वरण-भात. मी सहज विचारलं, मधल्या वाळवंटातल्या त्या प्रचंड लाल खडकाला, उलुरूला नाही गेलात? तर म्हणाले, "तो दगड? आता वर चढूही देत नाहीत. तीन तास विमानात बसून खालून दगड बघायला कोण जातं!" सगळे हसले.

मला हसू आलं नाही. दुपार झाली तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आईला घेऊन गेले होते. भाऊ मेलबर्नला असतो, तिथून. खिडकीतून खाली नुसती लाल माती, संपेचना. भारताच्या दुपटीहून मोठा देश आणि माणसं जेमतेम पावणेतीन कोटी. आई म्हणाली, "एवढ्या जागेत कुणीच नाही?" आहेत ना. तिथले मूळ रहिवासी, अनांगू लोक, हजारो वर्षांपासून आहेत, आणि तो 'दगड' त्यांचा आहे. 1873 मध्ये एका गोऱ्याने त्याला एअर्स रॉक नाव दिलं आणि त्यांची जागा त्यांना परत मिळायला 1985 उजाडलं. चढू नका, हे पवित्र आहे, असं ते वर्षानुवर्षं पाट्या लावून विनवत होते. लोक पाटीशेजारूनच वर चढायचे. किमान 37 माणसं त्या चढणीत मेली. अखेर 26 ऑक्टोबर 2019 ला चढाई बंद झाली. तिथे पायांनी खडक घासून पडलेला पांढरट पट्टा लांबूनही दिसतो. लाल अंगावर ओरखडा काढावा तसा. तो बघून मला आमच्या किल्ल्यांवर खिळ्याने कोरलेली नावं आठवली, आणि लाज वाटली.

आईचं सांगते. पायथ्याशी मुटिजुलु नावाचं पाण्याचं कुंड आहे. सकाळचे आठ, तरी ऊन चावत होतं, माश्यांसाठी तोंडावर जाळी. आमच्या वाटाड्या अनांगू बाई वाळूत बसल्या, बोटाने रेघा काढत कुनिया अजगरिणीची गोष्ट सांगू लागल्या. तिच्या भाच्याला विषारी सापांनी मारलं, तिने सूड घेतला, त्या झटापटीच्या खुणा समोर खडकावर. आईने मला हळूच विचारलं, "आत्या की मावशी गं?" मग कुंडापाशी गेल्यावर तिने बूट काढले आणि हात जोडले. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

यात समजायला अवघड काय आहे, सांगा मला! उंबऱ्याबाहेर चपला काढणारी माणसं आपण. आपला विठोबाही दगडच ना? लाखो हातांनी पाय झिजतात म्हणून मूर्तीला वज्रलेप करावा लागतो. त्याच्या खांद्यावर चढून फोटो काढू द्या म्हणाल का?

खर्च फार येतो, हे मान्य. उलुरूला राहायचं म्हणजे खिसा रिकामा होतो आणि आठ दिवसांच्या टूरमध्ये ते बसतही नाही. नका जाऊ. पण हसू नका हो.

तिथली माती-खडे आठवण म्हणून उचलून नेणारे कितीतरी लोक पुढे ते पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी. हे ऐकल्यावर आईने पर्समधून एक लाल खडा काढला. तिने कधी उचलला होता, मला पत्ताच नव्हता. परत त्याच वाटेवर चालत गेली आणि वाकून होता तिथे ठेवला. गुडघे दुखतात तिचे, तरी.

काकांवरचा रागही आता उतरलाय खरं तर. त्यांना ही गोष्ट कुणी सांगितलीच नसेल. संध्याकाळी आईला फोन करून गच्चीवरचं सांगितलं. ती काकांबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, "त्या कुंडात पाणी असेल का गं अजून? पाखरं यायची प्यायला."