नो सूनरची भानगड

परवा अमळनेरला ताईकडे गेलो होतो. भाची यंदा दहावीला, ओट्यावर बसून मान हलवत इंग्रजीचं व्याकरण पाठ करत होती, ॲज सून ॲज काढा, नो सूनर लावा, डिड लावा, मधे दॅन लावा. मी म्हटलं अगं पण 'द बेल रँग' होतं त्याचं 'नो सूनर डिड द बेल रिंग' काबरं झालं? तर म्हणे मामा, फॉर्म्युलाच तसा आहे.

फॉर्म्युला! आम्हालाबी असाच घोटून पाजला होता. अरे पण पाचवीत 'यू आर'चं 'आर यू' करतो ना, तीच ही अदलाबदल. नेव्हर, हार्डली, नो सूनर असलं नकाराचं काही उचलून वाक्याच्या तोंडाशी बसवलं की सहायक क्रियापद (इज, हॅव, कॅन असलं) कर्त्याच्या पुढे जाऊन उभं राहतं, आणि सहायक नसलंच तर डू नाहीतर डिड उसनं आणायचं, मग भूतकाळ त्या डिडने उचलला म्हणून रँगचं परत रिंग. एवढं एक वाक्य सांगायला कोणाच्या बापाचं काय जात होतं? जर्मनवाले तर आजही 'कोम्स्ट दू' म्हणजे सरळ 'येतोस तू' म्हणून मोकळे होतात, जुन्या इंग्रजीतपण 'व्हॉट से यू' चालायचं, हे उसनवारीचं लचांड नंतरचं.

आपल्या अहिराणीत बघा, 'तुनं नाव काय शे?' 'मनं नाव गोट्या शे.' 'काय' उठला, त्याच जागेवर 'गोट्या' बसला, बाकी कोणी जागचं हललं नाही 😄

आणि उलटं करायचं इतकं डोक्यात भरवलं की सरळ कुठे ठेवायचं ते राहूनच गेलं. पुण्यात पहिल्या नोकरीत साहेबाला म्हटलो, 'आय डोन्ट नो व्हेअर इज द फाईल', साहेब सगळ्यांसमोर हसला, पण चूक काय ते त्यानेबी सांगितलं नाही. वाक्याच्या पोटात गेलेला प्रश्न सरळच राहतो, 'व्हेअर द फाईल इज', हे मला कळलं तेव्हा ती नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती.

निघताना भाची स्टँडवर सोडायला आली. चोपड्याची गाडी वळताना दिसली तशी ही ओरडली, मामा, हिअर कम्स द बस! आणि लगेच, इथे तर नकार नाही, डू पण नाही, मग कम्स पुढे कसं काय? मी म्हटलं हे वेगळं प्रकरण आहे, इथे क्रियापद स्वतःच पुढे जातं, आणि बसऐवजी इट म्हटलं तर परत सरळ, हिअर इट कम्स. म्हणे, काबरं?

मी खिडकीतून रुमाल टाकायला पळालो.