फुटस्विच कधी चालतो, कधी नाही: दोष बटणाचाच असतो का?

गिटार अँपचा चॅनेल (म्हणजे साधा किंवा जोरदार आवाज) किंवा इफेक्ट पायाने बदलायची बटणांची डबी म्हणजे फुटस्विच. तो लहरी झाला की एक तयार सल्ला सगळीकडे फिरत असतो. थोडक्यात तो असा: "फुटस्विच कधी चालतो कधी नाही, म्हणजे बटण गेलं. आत वंगणाचा स्प्रे मारा. दिवा लागतोय ना, मग वायरिंग ठीक आहे. तरीही नाही जमलं तर प्लग बसेल तो कुठलाही फुटस्विच आणा आणि गिटारचीच केबल लावा, चालून जातं." यातली काही वाक्यं अर्धी बरोबर आहेत, बाकीची दिशाभूल करणारी. एकेक घेऊ.

"बटण गेलं."

जाऊ शकतं, पण पहिला संशय केबलवर घ्यावा. डबीत एकदोन बटणं, फार तर एलईडी आणि रेझिस्टर असतात. पायाखाली येणारी, गुंडाळली जाणारी, ओढली जाणारी वस्तू म्हणजे केबल. ती बहुधा दोनच ठिकाणी तुटते: डबीत शिरते तिथे आणि प्लगच्या मानेशी. वरचं आवरण शाबूत राहतं, आतल्या तारा मात्र एकेक करून तुटत जातात. उरलेल्या दोनचार तारा कधी टेकतात, कधी सुटतात, आणि फुटस्विच लहरी वाटतो. अशा वेळी बटण बदलणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

खात्रीला मल्टीमीटर पुरतो. फुटस्विच अँपमधून काढा. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून आधी त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवा. ०.२ ते ०.५ ओहम दिसेल, तो मीटरच्या वायरींचा रोध, तो वजा धरायचा. आता एक टोक प्लगच्या टिपला (टोकाला), दुसरं स्लीव्हला (मागच्या लांब धातूच्या भागाला) लावा. बटण दाबल्यावर साधारण १ ओहम किंवा कमी, पुन्हा दाबल्यावर (दाबून धरायच्या बटणात सोडल्यावर) पूर्ण ओपन, म्हणजे जोडच नाही, असं दिसायला हवं. केबल न हलवता बटण २० वेळा दाबा. मग बटण जोडलेल्या स्थितीत ठेवून केबलची दोन्ही टोकं, १०-१५ सेंटिमीटरपर्यंत, हाताने वाकवून बघा. दाबताना आकडा उड्या मारत असेल तर बटण किंवा त्याचं सोल्डर. वाकवताना मारत असेल तर केबल. तळाचं झाकण उघडून थेट बटणाच्या पायांवर (वायरी सोल्डर केलेल्या पिनांवर) मोजलं की उरलासुरला संशय फिटतो: पायांवर आकडा स्थिर आणि प्लगवर अस्थिर, तर बटणाला हात लावायचं कारणच नाही.

एक अडचण मात्र येते. एलईडी बटणाच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच वाटेवर एकामागे एक, असेल तर बटण चांगलं असूनही ओहमच्या रेंजवर ओपनच दिसतं. तिथे डायोड मोड वापरा, आणि काही दिसलं नाही तर मीटरच्या वायरी उलट करून पुन्हा बघा. बटण दाबल्यावर एलईडी मंद पेटला तरी पुरे. चारसहा बटणांचे काही फुटस्विच अँपला डिजिटल संदेश पाठवतात. त्यांच्या प्लगवर मीटर लावून काहीही सिद्ध होत नाही.

दोष केबलमध्ये सापडला तर तुटल्या जागेच्या पुढे ३ ते ५ सेंटिमीटर कापून टाका आणि तिथे नवा प्लग लावा; डबीकडचं टोक असेल तर ते पुन्हा सोल्डर करा. ओतीव रबरी प्लग उघडत नाही, तो सरळ कापायचा. डबीच्या तोंडाशी केबल आतून घट्ट धरणारी पकड नसेल तर आतल्या बाजूला एक केबल टाय आवळा. नाहीतर ओढ थेट सोल्डरवर येते.

मीटर नसेल, किंवा दोष अँपचाच आहे का हे बघायचं असेल, तर साधी मोनो गिटार केबल अँपच्या फुटस्विच जॅकमध्ये घाला आणि तिच्या मोकळ्या प्लगची टिप आणि स्लीव्ह धातूच्या तुकड्याने जोडा. बहुतेक साध्या अँपमध्ये जोडलं की चॅनेल बदलतो, सोडलं की परत येतो. इथेही लहरीपणा कायम राहिला, तर दोष अँपच्या आत आहे: जॅकचे ढिले कॉन्टॅक्ट, जॅकच्या पायाशी ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड), किंवा खराब रिले (चॅनेल बदलणारा विजेवरचा स्विच). केबल घालण्यापूर्वी अँप बंद ठेवा आणि जॅकवरचं नाव दोनदा वाचा. स्पीकर आउटचा जॅकही याच ६.३५ मिलिमीटर मापाचा असतो. तो शॉर्ट केला तर सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवरच्या) अँपचे आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकतात. आणि अँप स्वतः उघडू नका. व्हॉल्व्ह अँपच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० ते ५०० व्होल्ट राहू शकतात. फुटस्विचची डबी उघडणं वेगळं, अँप उघडणं वेगळं.

"आत वंगणाचा स्प्रे मारा."

साफ करण्याची कल्पना बरोबर, पदार्थ आणि जागा चुकीची. गंजलेल्या बिजागरीचा स्प्रे तेलाचा थर मागे ठेवतो, त्यावर धूळ बसते. पायाने दाबायच्या बटणाचं अंग बहुतेक बंदिस्त असतं. स्प्रे कॉन्टॅक्टपर्यंत पोचला तर आतलं ग्रीस धुवून काढतो आणि बटण जड पडतं. सफाई फळते ती जॅकमध्ये. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर प्लगवर थोडा मारून, अँप बंद ठेवून, प्लग १०-१५ वेळा आत-बाहेर करा आणि वाळू द्या. काही अँपच्या जॅकमध्ये आणखी एक छोटा कॉन्टॅक्ट असतो. प्लग आत गेला की हा कॉन्टॅक्ट पुढच्या पॅनेलवरच्या चॅनेलच्या बटणाचं कनेक्शन तोडतो. तो मळला तर फुटस्विच काढून ठेवल्यावरही पॅनेलचं बटण काम करत नाही. हे लक्षण दिसलं तर फुटस्विच निर्दोष समजा.

"दिवा लागतोय, म्हणजे वायरिंग ठीक."

नाही. बॅटरीवरच्या डबीत दिवा बहुधा बटणाच्या वेगळ्या पोलवर (एकाच बटणातल्या स्वतंत्र स्विचवर) असतो. तो पोल जोडतो आणि अँपकडे जाणारा पोल जोडत नाही, असं खुशाल होतं. उलट, अँपकडून येणाऱ्या व्होल्टेजवर चालणारा सिरीजमधला एलईडी जळाला, तर बटण उत्तम असूनही चॅनेल बदलणार नाही. हौसेने लालच्या जागी निळा एलईडी बसवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: लाल सुमारे १.८ ते २ व्होल्ट खातो, निळा किंवा पांढरा सुमारे ३. अँपकडून मुळात थोडेच व्होल्ट येत असतील तर उरलेल्यात चॅनेल बदलेलच असं नाही.

"कुठलाही फुटस्विच चालतो."

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे. बटणं दोन जातींची असतात. लॅचिंग बटण दाबलं की त्या स्थितीत राहतं, मोमेंटरी दारावरच्या बेलसारखं दाबून धरेपर्यंतच जोडतं. मोमेंटरी मागणाऱ्या अँपला लॅचिंग लावलं तर प्रत्येक बदलाला दोनदा दाबावं लागतं. लॅचिंग मागणाऱ्याला मोमेंटरी लावलं तर पाय उचलताच चॅनेल परत जातो. दोन्ही तक्रारी "फुटस्विच लहरी आहे" अशाच सांगितल्या जातात, आणि दोन्हीत काहीच बिघडलेलं नसतं.

जोड-तोडीचा अर्थही सगळीकडे एक नाही. १९६०च्या दशकातल्या ब्लॅकफेस फेंडर अँपमध्ये फुटस्विचने जोडलं की रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) बंद होतो, पण व्हायब्रेटो (आवाज थरथरवणारा इफेक्ट) सुरू होतो. म्हणून फुटस्विच न लावता अशा अँपचा व्हायब्रेटो मुका राहतो आणि लोक तो दुरुस्तीला नेतात.

"गिटारचीच केबल लावा."

एकच फंक्शन असेल तर चालते. दोन फंक्शनच्या फुटस्विचमध्ये टिपवर एक, रिंगवर (टिप आणि स्लीव्हमधल्या कड्यावर) दुसरं आणि स्लीव्ह सामाईक, अशी रचना सर्रास असते. तिथे मोनो प्लग घातला की रिंगची जागा स्लीव्हला टेकते आणि दुसरं फंक्शन कायमचं एकाच स्थितीत अडकतं. स्टिरिओ केबलच हवी.

लांबीची भीती मात्र अनाठायी आहे. रिलेला नुसता हुकूम पोचवायचा असेल तर १० मीटर केबलने टोनमध्ये काही फरक पडत नाही. वर सांगितलेल्या जुन्या अँपमध्ये तसं नाही. तिथे रिव्हर्बचा आवाजच त्या तारेवर येतो, म्हणून शील्ड नसलेली स्पीकर केबल लावली की घरघर सुरू.

आणि शेवटी बटण खरोखरच गेलेलं निघालं तर: आधी नट बघा. तो ढिला झाला की प्रत्येक दाबाला सगळं बटण किंचित फिरतं आणि आतल्या वायरी पिळून तुटतात. बटणाचं अंग आतून धरून, बहुधा १४ मिलिमीटरच्या पान्याने, नट आवळा. बदलायचंच असेल तर सोल्डरिंग आयर्न सुमारे ३५० अंश सेल्सियसवर आणि प्रत्येक पायाला २-३ सेकंदच लावा. जास्त वेळ टेकवलं की आतलं प्लास्टिक मऊ होऊन कॉन्टॅक्ट जागचा हलतो. नवं बटणही आठवड्यात लहरी होतं आणि "ही बटणं टिकतच नाहीत" ही समजूत आणखी पक्की होते. तळाचं झाकण लावण्याआधी पायांवर आणि प्लगवर, दोन्हीकडे पुन्हा २० वेळा मोजा.